एका पायावरची बैठक : आधी तोल, मग ताकद, शेवटी खोली

सटाणा : साल्हेरचा किल्ला चढताना दम लागतो, उतरताना मात्र गुडघ्यांची परीक्षा होते. बागलाण तालुक्यातील हा किल्ला समुद्रसपाटीपासून सुमारे १,५६७ मीटर उंच आहे. राज्यात त्याच्याहून उंच शिखर एकच, १,६४६ मीटरचे कळसूबाई. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले, त्यांत साल्हेरचाही समावेश झाला. साल्हेर असो, मुल्हेर असो वा मांगी-तुंगीच्या हजारो पायऱ्या असोत, वर गेलेल्या प्रत्येकाला खाली यावेच लागते. सटाण्यात परतलेल्या पर्यटकाच्या तोंडी दुसऱ्या दिवशी एकच तक्रार असते, 'चढलो आरामात, पण आता जिना उतरवत नाही.'

या तक्रारीचे कारण साधे आहे. पायरी उतरताना शरीराचा सारा भार काही क्षण एकाच पायावर असतो आणि तो पाय गुडघ्यात हळूहळू वाकत शरीराला खाली सोडत असतो. व्यायामाच्या भाषेत ही एका पायावरची अर्धी बैठक होय. गड उतरणारा माणूस अशा शेकडो बैठका नकळत काढतो. ज्याने त्यांची तयारी केलेली नाही, त्याचे पाय थरथरतात. पाय थरथरले की तोल जातो, आणि ओल्या कातळावर गेलेला तोल महागात पडतो.

एका पायावरची बैठक हा व्यायाम अलीकडे शहरांतील व्यायामशाळांत 'पिस्टल स्क्वॉट' या नावाने लोकप्रिय झाला आहे. एक पाय समोर सरळ ताणलेला आणि दुसऱ्या पायावर पूर्ण बसलेले शरीर बाजूने पिस्तुलासारखे दिसते, म्हणून हे नाव. चित्रफितींत तो फार सोपा दिसतो. तो पाहून पहिल्याच दिवशी खाली बसण्याचा प्रयत्न करणाऱ्यांची संख्या मोठी असते. त्यांपैकी अनेकांची बैठक जमिनीवर आपटून संपते, काहींची गुडघा धरून. वास्तविक हा व्यायाम अवघड असला तरी तो पायरी-पायरीने शिकता येतो आणि त्याच्या खालच्या पायऱ्या साठीतल्या माणसालाही उपयोगी पडतात.

तालमीतील वारसा

बैठक महाराष्ट्राला नवी नाही. तांबड्या मातीचा हौद, कोनाड्यातील मारुती आणि जोर-बैठकांचा घाम ही तालमीची ओळख पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. जोर छाती व खांद्यांसाठी, बैठका मांड्यांसाठी ही विभागणी पहिलवानांना तोंडपाठ असते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभट्टदादा देवधर यांनी मल्लखांबाला जी शिस्त दिली, तिच्यातही पायांची पकड व तोल यांना मोठे स्थान आहे. विसाव्या शतकात द. चिं. मुजुमदार यांनी बडोद्यात 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड सिद्ध केले आणि देशी व्यायामांची सविस्तर नोंद करून ठेवली.

तालमीतील बैठक आणि आजची एका पायावरची बैठक यांत मात्र महत्त्वाचा फरक आहे. पारंपरिक बैठकीत खाली जाताना टाचा उचलल्या जातात, भार चवड्यांवर येतो, हात झोक्यात फिरतात आणि भर संख्येवर असतो. शंभर, पाचशे, हजार अशी ती मोजली जाते. एका पायावरच्या बैठकीत टाच जमिनीवर घट्ट असते, गती संथ असते आणि पाच-आठ चांगल्या बैठका पुरेशा ठरतात. पहिली दमाची कसोटी आहे, दुसरी ताकदीची आणि तोलाची. त्यामुळे रोज तीनशे बैठका काढणारा पहिलवानही पहिल्या प्रयत्नात एका पायावर डगमगला तर त्यात नवल नाही.

एकच पाय का?

साठ किलो वजनाचा माणूस दोन पायांवर बसतो तेव्हा प्रत्येक पायाच्या वाट्याला साधारण तीस किलो येतात. एका पायावर तोच भार जवळजवळ दुप्पट होतो. म्हणजे वजने, दांडा किंवा यंत्र यांपैकी काहीही न घेता पायांना जड व्यायाम मिळतो. खांद्यांवर वजनाचा दांडा नसल्यामुळे पाठीच्या कण्यावरचा भारही मर्यादित राहतो.

दुसरा लाभ डाव्या-उजव्यातील फरकाचा. बहुतेकांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा बळकट असतो. दोन पायांच्या बैठकीत बळकट पाय दुबळ्याचे काम गुपचूप करून टाकतो आणि फरक झाकला जातो. एका पायावर ही लपवाछपवी चालत नाही. जुनी मुरगळ किंवा अस्थिभंगानंतर महिनाभर बांधलेले प्लास्टर यांचा हिशेब येथे लगेच उघड होतो.

तिसरा लाभ नितंबाच्या बाजूच्या स्नायूचा. एका पायावर उभे राहिल्यावर कंबर दुसऱ्या बाजूला कलू नये, याची जबाबदारी याच स्नायूवर असते. जर्मन शल्यचिकित्सक फ्रीडरिश ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९५मध्ये या दुबळेपणाची खूण नोंदवली. रुग्णाला एका पायावर उभे करायचे आणि कंबरेची उचललेल्या पायाकडील बाजू खाली झुकते का, ते पाहायचे. ही तपासणी आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. हा स्नायू दुबळा असेल तर बसताना गुडघा आतल्या बाजूला कोसळतो आणि वाटीच्या मागे दुखू लागते.

चालणे, धावणे, जिना चढणे, बसमधून उतरणे या साऱ्या क्रिया एकेका पायावरच होतात. महाराष्ट्र पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांना १,६०० आणि महिलांना ८०० मीटर धावावे लागते. त्यासाठी ग्रामीण भागातील शेकडो मुले-मुली पहाटे रस्त्यावर दिसतात. धावणे म्हणजे एका पायावरून दुसऱ्या पायावर पडत राहणे. केवळ अंतर वाढवत नेणाऱ्या आणि पायांची ताकद न वाढवणाऱ्या उमेदवारांना गुडघेदुखी व नडगीदुखी ऐन चाचणीच्या तोंडावर गाठते. त्यांनी आठवड्यातून दोन दिवस पायांसाठी राखून ठेवणे हिताचे असते.

गुडघ्याविषयीचे समज-गैरसमज

'खोल बसल्याने गुडघे झिजतात' हे वाक्य दर दुसऱ्या घरात ऐकू येते. त्याचा एक धागा अमेरिकेत सापडतो. टेक्सास विद्यापीठातील कार्ल क्लाइन यांनी १९६१मध्ये खोल बैठकांमुळे गुडघ्याचे अस्थिबंध सैल होतात असे मांडले आणि अनेक वर्षे क्रीडाशिक्षक खोल बैठकीला घाबरत राहिले. पुढील काळातील तपासण्यांत निरोगी गुडघ्यांबाबत या मताला आधार मिळाला नाही.

मात्र याचा अर्थ तासन्‌तास उकिडवे बसणे निर्धोक आहे असा नव्हे. चीनमधील बीजिंग येथे ज्येष्ठ नागरिकांची पाहणी झाली होती. तरुणपणी रोज दीर्घकाळ उकिडवे बसणाऱ्यांत गुडघ्याच्या संधिवाताचे प्रमाण अधिक आढळल्याचे तिचे निष्कर्ष २००४मध्ये प्रसिद्ध झाले. बागलाणच्या शेतांत कांद्याची रोपे लावणाऱ्या व निंदणी करणाऱ्या मजुरांना हे लागू पडण्यासारखे आहे. दिवसभर वाकलेल्या गुडघ्यावर राहणे वेगळे आणि आठवड्यातून दोनदा दहा मिनिटे, विश्रांती घेत, गुडघा वाकवणे-सरळ करणे वेगळे. ज्यांचा दिवस शेतात उकिडवे बसून जातो, त्यांनी कामाच्या हंगामात या व्यायामाची खोली न वाढवता पायरी उतरण्याच्या सोप्या प्रकारावर थांबणे इष्ट.

दुसरा समज, 'गुडघा पायाच्या अंगठ्यापुढे जाऊ देऊ नये.' अमेरिकेत २००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बैठक मारणाऱ्यांच्या गुडघ्यांपुढे फळी उभी करून गुडघे पुढे जाण्यापासून रोखण्यात आले. तेव्हा गुडघ्यावरील वळणभार साधारण एक-पंचमांशाने कमी झाला. पण कंबरेच्या सांध्यावरचा भार सुमारे दहापट वाढला. म्हणजे भार नाहीसा होत नाही, तो जागा बदलतो. एका पायावर खोल बसताना गुडघा अंगठ्यापुढे जाणे अटळ आहे. तो किती पुढे जातो यापेक्षा तो आत कोसळतो का, टाच उचलली जाते का आणि दुखते का, हे तीन प्रश्न अधिक मोलाचे.

सुरुवातीपूर्वीच्या चार कसोट्या

पहिली कसोटी तोलाची. अनवाणी, डोळे उघडे ठेवून एका पायावर उभे राहावे. तीस सेकंद स्थिर राहता आले पाहिजे. ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वर्षे वयाच्या १,७०२ व्यक्तींवर झालेला एक अभ्यास २०२२मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दहा सेकंद एका पायावर उभे राहू न शकणाऱ्या सुमारे २० टक्के लोकांमध्ये पुढील वर्षांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. तोल गेल्यामुळे मृत्यू येतो असे यातून सिद्ध होत नाही. मात्र तोल हा एकूण प्रकृतीचा आरसा आहे, एवढे म्हणता येते.

दुसरी कसोटी घोट्याची. भिंतीकडे तोंड करून पायाचा अंगठा भिंतीपासून दहा सेंटिमीटरवर ठेवावा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवून पाहावा. टेकला तर घोटा पुरेसा मोकळा आहे. न टेकल्यास खोल बसताना टाच उचलली जाईल किंवा शरीर मागे पडेल. अनेकांचे अपयश ताकदीचे नसून आखडलेल्या घोट्याचे असते.

तिसरी कसोटी दोन पायांच्या बैठकीची. टाचा जमिनीवर ठेवून, न थांबता वीस बैठका सहज झाल्या पाहिजेत.

चौथी कसोटी खुर्चीची. साधारण ४५ सेंटिमीटर उंचीच्या खुर्चीवरून, हात छातीवर बांधून, दोन पायांवर दहा वेळा उठ-बस करावी. त्यात गुडघ्यात कळ येत असेल तर प्रथम तिचे कारण शोधावे.

कोणी थांबावे?

गुडघ्यावर सूज असणे, चालताना गुडघा अडकणे किंवा अचानक सुटल्यासारखा वाटणे ही लक्षणे असतील तर व्यायामाआधी अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावे. गुडघा किंवा खुब्याचा सांधा बदललेल्यांनी, नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी, पावलांची संवेदना कमी झालेल्या मधुमेहींनी, चक्कर येणाऱ्यांनी आणि गर्भवती महिलांनी डॉक्टर किंवा भौतिकोपचार तज्ज्ञाचा सल्ला घेतल्याशिवाय एका पायावरची बैठक करू नये. रक्तदाब असणाऱ्यांनी श्वास रोखून जोर लावू नये. उठताना श्वास सोडावा.

जागा व पूर्वतयारी

ओली फरशी, शेणाने नुकतीच सारवलेली जमीन किंवा घसरणारी चटई टाळावी. जाड, मऊ तळव्याच्या धावण्याच्या बुटांत पाऊल डुलते; अनवाणी किंवा सपाट तळव्याच्या बुटांत करणे बरे. पाच ते आठ मिनिटे झपझप चालावे, घोटे फिरवावेत, पाय पुढे-मागे झुलवावेत आणि दोन पायांच्या दहा-पंधरा बैठका काढाव्यात. हिवाळ्यातील पहाटेच्या थंडीत ही तयारी आणखी थोडी वाढवावी.

सर्व पायऱ्यांना लागू असणारे नियम असे : पावलाचा तिकोना, म्हणजे टाच, अंगठ्याचे मूळ आणि करंगळीचे मूळ, जमिनीवर टेकलेला असावा. गुडघ्याची दिशा पायाच्या दुसऱ्या-तिसऱ्या बोटाकडे राहावी. कंबर दोन्ही बाजूंनी समपातळीत असावी. खाली जायला तीन सेकंद घ्यावेत, खाली क्षणभर थांबावे आणि झटका न देता वर यावे. सुरुवात दुबळ्या पायाने करावी. जेवढ्या दुबळ्याच्या होतील तेवढ्याच बळकट पायाच्या कराव्यात.

पायरी पहिली : दोन पायांची संथ बैठक. पावले खांद्याइतकी दूर ठेवावीत. पंधरा बैठकांच्या तीन फेऱ्या. तालमीतील वेग येथे नको. टाचा उचलल्या जात असतील तर टाचांखाली दोन-तीन सेंटिमीटरची फळी ठेवावी आणि घोट्याचा ताण रोज करावा.

पायरी दुसरी : पाय पुढे-मागे ठेवून बैठक. एक पाय पुढे, एक मागे ठेवून मागचा गुडघा जमिनीकडे न्यावा. भार मुख्यतः पुढच्या पायावर, मागचा पाय तोलापुरता. दहाच्या तीन फेऱ्या जमल्या की मागचे पाऊल खाटेच्या कडेवर किंवा बाकावर ठेवून हाच प्रकार करावा. अनेकांसाठी हीच शेवटची पायरी असली तरी हरकत नाही. ताकदीचा मोठा लाभ येथेच मिळतो.

पायरी तिसरी : पायरीवरून उतरणे. जिन्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर एका पायाने उभे राहावे, दुसरा पाय समोर सोडावा. उभा पाय संथ वाकवत दुसऱ्या पायाची टाच जमिनीला हलकेच टेकवावी, तिच्यावर भार न देता परत वर यावे. उंची आधी दहा, मग पंधरा, मग वीस सेंटिमीटर. कठड्याला बोटे टेकवायला हरकत नाही. समोर आरसा असल्यास गुडघा आत झुकतो का, हे लगेच दिसते. गड उतरणाऱ्यांसाठी याहून थेट सराव नाही.

पायरी चौथी : खुर्चीवर एका पायाने बसणे-उठणे. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी, म्हणजे ती सरकणार नाही. एका पायावर सावकाश बसावे. उठताना प्रथम दोन्ही पायांचा उपयोग करावा, सवय झाल्यावर एकाच पायाने उठावे. खाली 'धप्‌'कन बसणे म्हणजे उंची झेपत नसल्याची खूण. तेव्हा आसनावर उशी किंवा घडी केलेली सतरंजी ठेवून उंची वाढवावी. प्रगती होईल तशी उंची ४५वरून ४०, मग ३० सेंटिमीटरपर्यंत उतरवावी.

पायरी पाचवी : आधार धरून खोल बैठक. खिडकीचे गज, दाराची भक्कम चौकट किंवा तुळईला बांधलेला दोर धरून पूर्ण खाली जावे. हातांनी फक्त लागेल तेवढीच मदत घ्यावी. दोन हातांवरून एक हात, एका हातावरून दोन बोटे, असा आधार कमी करत न्यावा.

पायरी सहावी : ओट्याच्या कडेवर. मजबूत ओट्याच्या किंवा बाकाच्या कडेवर एका पायाने उभे राहावे आणि मोकळा पाय बाजूला खाली लोंबता ठेवावा. समोर पाय उचलून धरण्याचे कष्ट नसल्याने येथे तोल व खोली यांवर लक्ष देता येते.

पायरी सातवी : पूर्ण बैठक. मोकळा पाय समोर, हात समोर. सावकाश खाली जावे, मांडी पोटरीला टेकेपर्यंत, आणि टाच न उचलता वर यावे. येथे एक गंमतीची गोष्ट अनुभवास येते. हातात दोन लिटर पाण्याची भरलेली बाटली, म्हणजे सुमारे दोन किलो वजन, समोर धरले तर बैठक सोपी होते. कारण ते वजन मागे पडणाऱ्या शरीराला पुढे तोलून धरते. ज्यांचा पाय समोर सरळ राहत नाही त्यांनी मांडीच्या मागच्या स्नायूंचा ताण आणि पाय उचलण्याचा सराव वेगळा करावा.

किती आणि केव्हा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि दोन किंवा अधिक दिवस स्नायूंची ताकद वाढवणारे व्यायाम करावेत. एका पायावरची बैठक या दोन दिवसांत सहज बसते. दोन सत्रांत साधारण ४८ तासांचे अंतर असावे. प्रत्येक पायाने पाच ते आठच्या तीन फेऱ्या आणि दोन फेऱ्यांत दीड-दोन मिनिटे विश्रांती एवढा हिशेब पुरेसा आहे. पूर्ण दमेपर्यंत करू नये. आणखी दोन बैठका जमल्या असत्या असे वाटत असतानाच थांबावे. थकलेला पाय प्रथम रेषा सोडतो आणि चुकीच्या रेषेत केलेल्या शेवटच्या दोन बैठकाच दुखापत करतात.

पुढच्या पायरीवर जाण्याची अट एकच : दोन्ही पायांनी आठच्या तीन फेऱ्या, गुडघा रेषेत ठेवून, सलग दोन सत्रांत, आणि दुसऱ्या दिवशी सांध्यात दुखणे नाही. या हिशेबाने एका पायरीला दोन ते चार आठवडे लागतात. व्यायामाची सवय असणाऱ्या तरुणाला पूर्ण बैठकीपर्यंत पोहोचायला चार-सहा महिने लागू शकतात. काहींना वर्ष लागते; काहींच्या हाडांची ठेवण व घोट्याची मर्यादा अशी असते की पूर्ण खोली कधीच साधत नाही. त्यात कमीपणा नाही. स्नायू काही आठवड्यांत बळावतात. कंडरांना त्याहून अधिक काळ लागतो. 'आता जमतेय' असे वाटताच उडी मारणाऱ्यांचा गुडघा त्यामुळेच दुखावतो.

दुखणे ओळखावे कसे?

व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांडीत व नितंबात जाणवणारा ठणका स्वाभाविक आहे. शरीर खाली सोडताना ताणले जात असतानाच काम करणाऱ्या स्नायूंना तो विशेष होतो. साल्हेर उतरल्यानंतरचा ठणकाही याच जातीचा. तीन-चार दिवसांत तो ओसरतो आणि सराव चालू राहिल्यास पुढच्या वेळी कमी होतो. म्हणून गडावर जाण्यापूर्वी चार-सहा आठवडे पायरी उतरण्याचा सराव करणाऱ्यांची परतीची वाट सुखाची होते.

सांध्याच्या आत, वाटीखाली किंवा वाटीच्या मागे होणारे टोचरे दुखणे वेगळे. सरावात थोडी जाणीव होऊन ती २४ तासांत पूर्ववत होत असेल तर खोली व संख्या कमी करून सराव चालू ठेवता येतो. दुखणे वाढत असेल, रात्री जागवत असेल किंवा सूज येत असेल तर थांबून तज्ज्ञाकडे जावे. केवळ 'कट्‌' असा आवाज येणे, सोबत दुखणे वा सूज नसेल तर, सहसा काळजीचे नसते.

एक धोका क्वचित पण गंभीर आहे. पैजेखातर, शिक्षा म्हणून किंवा भरतीच्या उत्साहात सवय नसताना एकदम शेकडो बैठका काढल्यास स्नायू मोठ्या प्रमाणावर फुटून त्यातील द्रव्ये रक्तात मिसळतात आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. मांड्या टणक सुजणे, असह्य वेदना आणि लघवीचा रंग काळ्या चहासारखा होणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी मालीश, शेक किंवा वेदनाशामक गोळ्यांत वेळ न घालवता तत्काळ रुग्णालय गाठावे. शिक्षा म्हणून मुलांना उठाबशा काढायला लावण्याची जुनी सवय या कारणानेही सोडून देण्यासारखी आहे.

साठीनंतर

वय वाढते तसे पायांचे बळ आधी घटते आणि त्याची जाणीव खुर्चीवरून उठताना होते. ज्येष्ठांनी पूर्ण बैठकीचे ध्येय ठेवू नये. ओट्याला हात धरून एका पायावर उभे राहणे, खुर्चीवरून हात न लावता दहा वेळा उठ-बस, आणि कठडा धरून दहा सेंटिमीटरची पायरी उतरणे, ही त्रिसूत्री त्यांना पुरते. गुडघ्याचा सौम्य संधिवात असणाऱ्यांना पूर्ण विश्रांतीपेक्षा योग्य देखरेखीखालील ताकदीचा व्यायाम अधिक मानवतो, असेच आजचे वैद्यकशास्त्र सांगते. पडण्याची भीती असल्यास जवळ घरातील कोणी उभे असावे.

एका पायावर पूर्ण बसून उठणे हा पाहणाऱ्याला थक्क करणारा खेळ आहे, यात शंका नाही. परंतु त्याचे खरे मोल जिन्यावर, बसच्या पायरीवर आणि गडाच्या उतारावर कळते. सातवी पायरी गाठली नाही तरी तिसऱ्या पायरीपर्यंत नेटाने गेलेला माणूस साल्हेरहून उतरताना काठीवर कमी आणि स्वतःच्या पायांवर अधिक विसंबतो. तालमीतील वस्तादही नव्या पोराला पहिल्या दिवशी हौदात उतरवत नाहीत. आधी माती उकरायला लावतात. गुडघ्यांच्या बाबतीतही तोच क्रम पाळावा.